बँकेचं भांडं बँकेला परत केल्याबाबत

नाव वरच्या रकान्यात लिहून दिलं आहे. वय चोवीस. शिक्षण चौथी, परीक्षेला बसले नव्हते. काम, शिवणकारखान्यात काज-बटण. राहणार, पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली. सोबत मुलगी, वय चौदा महिने. तिला काही विचारलेलं नाही.

मला विचारल्यावरून मी ठाण्यात हवालदारांसमोर बसून सांगते की, आज शुक्रवारी दुपारी बँकेत जे बेवारस भांडं सापडलं ते बेवारस नाही. ते माझं आहे. म्हणजे बँकेचंच आहे, पण माझ्याकडे होतं.

दीड वर्षापूर्वी, मुलगी पोटात असताना, कारखान्याच्या फाटकासमोर एक टेबल लागलं होतं. मागे टाय लावलेला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, सही करा आणि भांडं घेऊन जा." मी म्हटलं, पैसे किती? तो म्हणाला, "पैसे कसले ताई, उलट तुम्हालाच मिळणार." मी पाच ठिकाणी सह्या केल्या. कागद वाचला नाही. अक्षर मुंगीएवढं होतं. भांडं स्टीलचं आहे, जेवण गरम राहतं, झाकणाला कडी आहे. पंधरा दिवसांनी टपालाने कार्ड आलं. ते मी कपाटात कागदाखाली ठेवलं. एकदाही वापरलं नाही.

वर्षभराने दुसरं कार्ड आपोआप आलं. सोबत चिठ्ठी होती की तुम्ही चांगल्या ग्राहक आहात. मी तोवर काहीच केलं नव्हतं, म्हणून चांगली असेन. ते कार्ड नवऱ्याने घेतलं. त्यावर मोबाइल आला, बूट आले. बाकी काय आलं ते घरी आलं नाही. नवरा चार महिन्यांपासून बाहेरगावी कामाला आहे, असं त्याने सांगितलं आहे. जाताना कार्ड ठेवून गेला. त्याचा फोन लागत नाही. याबद्दल मला तक्रार द्यायची नाही.

त्या कार्डाच्या कागदावर "कमीत कमी" म्हणून जो आकडा असतो तो मी दर महिन्याला भरते. एकदाही चुकवला नाही. मला वाटलं हप्ता आहे, संपेल.

आमचा कारखाना महिनाअखेर बंद होणार आहे. मालकीणबाई सामान विकत आहेत. काजाची मशीन त्या मला पस्तीस हजाराला द्यायला तयार आहेत, शनिवारी दुपारी बारापर्यंत पैसे दिले तर. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. मशीन घरी आली तर तीन दुकानं मला काम देणार आहेत आणि मुलीला कुठे ठेवायची हा प्रश्न राहणार नाही. नाही आली तर पुढच्या महिन्यात काय, ते मला माहीत नाही.

म्हणून काल गुरुवारी मी त्याच बँकेत कर्ज मागायला गेले. कर्जवाले साहेब चांगलं बोलले. पाणी विचारलं. मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, "तुमच्या नावावर दोन कार्डं आहेत."

मी म्हटलं, एक वापरलंच नाही.

"नसेल वापरलं. पण साठ हजारांचं लिमिट आहे. उद्या मनात आलं तर वापराल की."

मी म्हटलं, "साहेब, घरात सुरी आहे म्हणून मला खुनी धरणार का?" हे वाक्य इथे हवालदार लिहायला तयार नव्हते, पोलीस ठाण्यात असलं बोलू नये म्हणाले. पण मी बँकेत बोलले होते, म्हणून लिहायला लावलं.

दुसऱ्या कार्डावर चाळीस हजार उचलले होते, त्यातले अजून एकोणचाळीस हजार आठशे बाकी आहेत, असं साहेबांनी दाखवलं. मी विचारलं, मग मी दर महिन्याला काय भरत होते? ते म्हणाले, "व्याज." मग म्हणाले, "तुमचा पगार एवढासा, डोक्यावर एवढं. यात तिसरं कर्ज बसत नाही. या कार्डांमुळे तुम्ही पात्र नाही. कार्डं परत करा, मग बघू."

पात्र म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. साहेबांना परत विचारायची लाज वाटली. घरी येऊन समोरच्या काकूंना विचारलं. काकू पूर्वी मोठ्या घरांत स्वयंपाकाला होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पात्र म्हणजे भांडं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कार्डाबरोबर भांडं आलं होतं. कार्ड परत करायचं तर पात्रही परत मागणारच. काकू म्हणाल्या, "फुकटचं असंच असतं बाई. घासून दे, नाहीतर नावं ठेवतील. आणि कार्डं कापून दे, मधेच कुणी वापरली तर?"

मी भांडं घासलं. कारखान्याच्या कात्रीने दोन्ही कार्डं कापली, अकरा तुकडे झाले. तुकडे भांड्यात घातले, कडी लावली आणि भांडं जुन्या ओढणीत गच्च बांधलं.

आज एक वाजता बँकेत गेले. कर्जवाले साहेब जेवायला गेले होते. मुलगी भुकेने रडायला लागली. मी भांडं साहेबांच्या खुर्चीवर ठेवलं, म्हणजे आल्यावर त्यांना लगेच दिसेल, आणि मागच्या जिन्यात तिला पाजायला बसले. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

वीस मिनिटांनी बाहेर आले तर सगळी बँक रस्त्यावर उभी होती. दोरी बांधली होती. मी एका बाईला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "आत कोणीतरी बॉम्ब ठेवलाय." मी घाबरले. मुलीला घेऊन लांब पिठाच्या गिरणीपाशी गेले. तिथे आठवलं की भांडं आतच आहे. बॉम्ब फुटला तर भांडं जाणार आणि मी परत केलं हे कोण मानणार? म्हणून मी पुन्हा दोरीपाशी आले आणि तिथल्या पोलिसांना म्हटलं, "दादा, साहेबांच्या खुर्चीवर माझं भांडं आहे, ओढणीत बांधलेलं. तेवढं आधी बाहेर काढा ना."

त्यानंतर मला इथे आणलं.

जाड कपडे घातलेल्या माणसांनी भांडं उघडलं तेव्हा मी पोलिसांच्या गाडीत होते. तळाला त्याच बँकेचा शिक्का आहे. बँकेतल्या कोणीही तो ओळखला नाही.

कर्जवाले साहेब चार वाजता इथे आले. बँकेला तक्रार द्यायची नाही असं त्यांनी सांगितलं. पात्र म्हणजे लायक, हे त्यांनीच मला सांगितलं. कार्ड कापल्याने बंद होत नाही, अर्ज करावा लागतो, बाकी सगळी भरावी लागते, मग सहा महिन्यांनी यावं, असंही म्हणाले. हवालदारांनी त्यांना विचारलं, "पहिल्या कार्डाचं लिमिट किती?" ते म्हणाले, साठ हजार. मग मला विचारलं, "मशीन कितीला?" मी म्हटलं, पस्तीस. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. कर्जवाले साहेब म्हणाले, "तसं पाहिलं तर कार्डावर घेता आली असती." मी म्हटलं, न विचारता साठ देता आणि विचारलं तर पस्तीस नाही? त्यांनी घड्याळात बघितलं. घड्याळात बघितलं असं लिहिलं आहे.

इथून मालकीणबाईंना फोन करू दिला. त्या म्हणाल्या, "अगं, त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही आज पैसे काढता आले नाहीत, बँक बंद होती म्हणे. आता सोमवारपर्यंत बघते." बँक का बंद होती ते मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारपर्यंत कुठून आणायचे ते अजून ठरलेलं नाही.

भांडं, ओढणी आणि अकरा तुकडे ठाण्यात जमा आहेत. पावती मिळाली. ओढणी तरी द्या म्हटलं, ती चौकशी संपल्यावर मिळेल.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात" असे शब्द होते, ते खोडायला लावले. मला राग आला नव्हता, मी परत करायला गेले होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. आता मी बोलले तसाच आहे. सही करण्याआधी विचारलं की या सहीने माझ्या नावावर काही चढतं का. हवालदार म्हणाले, नाही. तेही लिहा म्हटलं. लिहिलं आहे.