सलिलला बाजारात कोणी उभं केलं?

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, नववीत शाळा सुटली, शब्दही साधेच येतात मला, पण तुम्हीच सांगा, कोणी काही विकतच नसेल तर बाजार चालवायचा कसा? आमच्या कोथरूडच्या कंपनीचा कबड्डीचा ऑनलाइन खेळ आहे. तुम्ही संघाचे मालक, खेळाडू खोटे, त्यांची नावं तुम्हीच ठेवायची, मग घ्यायचे, विकायचे. कोणता खेळाडू केवढ्याला जावा याचा तोल सांभाळायचा मी! पण आपली माणसं... एकदा नाव ठेवलं की संपलं! कोणी पुतण्याचं ठेवलंय, कोणी जावयाचं. जावयाला विकणार कोण? मग नव्या लोकांना खेळाडूच मिळेनात. अनिरुद्ध सर म्हणाले, "प्रज्ञेश, मार्केट हलव!" हलव म्हणजे काय? मी मुळात घाबरट माणूस, तुम्हाला सांगतो, विचारायचं धाडस झालं नाही. हलवलं. नियम केला: हंगामभर राखीव बसलेला खेळाडू आपोआप विक्रीला!

बाजार असा उसळला म्हणता... सरांनी पाठ थोपटली! आणि तेवढ्यात दार ढकलून सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीकाकू आत.

"आमच्या सलिलला बाजारात कोणी उभं केलं?"

सगळ्या ऑफिसनं माझ्याकडे बोट दाखवलं. शेजारच्या निकितानं तर उभं राहून!

"अस्सं. आपल्याला आईवडील आहेत, का तेही काढले विकायला?"

मी मुळात घाबरट माणूस, "आहेत" एवढंच निघालं तोंडातून. झालं काय होतं, काकूंचा खरा सलिल अमेरिकेत, म्हणून खेळातल्या पोराचं नाव सलिल, आणि त्याला कधी मैदानात उतरवायचाच नाही. का? तर लागलंबिगलं म्हणजे! माझ्या नियमानं तो गेला विक्रीला, आणि घेतला कोणी? नारायण पेठेतल्या रंगनाथरावांनी, ज्यांच्याशी काकूंचा स्कूटर लावण्यावरून कायमचा अबोला!

सरांनी मला कोपऱ्यात ओढलं. "अर्धी सदाशिव पेठ या बाईंनी खेळात आणलीय. त्या गेल्या तर सगळे जातील, आणि मग तूही जा." कुठे जाऊ हो? नववीतून सुटलेल्याला दुसरं कोण कॉम्प्युटरसमोर बसवणार? सलिल परत विकत मागायला रंगनाथरावांना फोन लावला, स्पीकरवर.

"विकायचा नाही. त्यांनी बसवून ठेवला म्हणूनच मिळाला ना? पोरगा सुरेख चढाया करतोय. सामना चालू आहे, बघायचा तर बघा. ठेवतो."

लावला सामना. काय करणार? पडद्यावर पिवळ्या चड्डीतला एवढासा सलिल चढाईला गेला, दोघांना शिवला, तिसऱ्याच्या हातून निसटून परत आला! काकू गप्प. मी मुळात घाबरट माणूस, ओरडण्यापेक्षा मला गप्प बसलेल्या बाईची जास्त भीती वाटते...

"चांगला खेळतो की रे," काकू म्हणाल्या. मग पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. "राहू दे तिकडेच."

सरांनी श्वास सोडला. मीही सोडणार, तेवढ्यात...

"पण तिकडून काही कळवायची सोय आहे का? की तुमच्या खेळातही बाहेर गेलेली मुलं गप्पच असतात?"

"आहे ना!" सर म्हणाले. कुठे होती? "उद्यापासून! आमचा प्रज्ञेश बघतो ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता बसलो आणि सलिलच्या नावानं लिहिलं, "आई, जेवलो. कुठे लागलेलं नाही. खेळ बरा चाललाय." पाठवलं. वाटलं, सुटलो! तर चष्मा लावून वाटच बघत असल्यासारखं काकूंचं उत्तर हजर: "ते ठीक. लग्नाचं काय ठरवलंस?"

आता मला सांगा! माझं स्वतःचं विचारलं तरी मला घाम फुटतो! निकिताकडे बघितलं, ती म्हणाली, "तूच विकलास ना त्याला? निस्तर." सर तर केबिनचं दार लावून बसलेले. शेवटी लिहिलं, "बघतो, आई."