मातकट सदरा

भूकंपाचा आवाज आधी आला होता, आरती — हादरा मागून. गणपती बुडवून निजलो होतो, अन् जमिनीच्या पोटातून घर्रर्र, घर्रर्र, जणू शंभर जाती एकदम फिरायलीत — तुझा बाप तवा एवढासा, मी त्याच्यावर असा ओणवा झालो अन् वरचं मातीचं माळवद माझ्या पाठीवर आलं. म्हणून वैजनाथ वाचला. म्हणून तू हायस. आता हे कशाला सांगायलोय? सांगतो, बैस. चहा घे. वर बघू नको — त्या चौकातल्या पडद्यावर क्लासची जाहिरात किती बार लागायची ती लागू दे, तू माझ्याकडं बघ.

तुझ्या क्लासचे सर म्हणले, जाहिरातीत पालक म्हणून उभं राहा, बाबा. मी धुतलेलं धोतर, गुलाबी पटका बांधून गेलो. शूटिंगवाल्यानं पटका काढायला लावला, मातकट सदरा दिला — मागची भिंत बी तसलीच मातकट — म्हणला, तुम्ही भिंतीत मिसळून गेलं पाहिजे. अन् सरांना लाल कोट, उंच खुर्ची, कॅमेरा पार खाली त्यांच्या बुटापाशी. माझ्या बारीला कॅमेरा स्टुलावर चढवला. लाल माणूस मोठा दिसतो म्हणे. दिसतो बी. मग म्हणला, घाबरा बाबा, पोरीचं कसं होईल म्हणून घाबरा — लई बार केलं, जमंना. मला कुठं नाटक येतंय?

तेवढ्यात वरच्या मजल्यावर क्लास सुटला. बाकं सरकली — घर्रर्र — तोच आवाज गं! मी खाली बसलो, ओणवा झालो. पुढं सरांचे बूट होते, त्याला मी काय करू? क्लासातल्या पोरी जाहिरात बघून तुला हसतात ना, तुझा आबा सरांच्या पाया पडला म्हणून — त्यांना सांग, आबा सरांना न्हाई, बाकाला भ्याला. हस की.

अशी काय बघायलीस? हाव — आवाज थांबला होता. थांबला, तरी मी उठलो न्हाई. सर वाकून हळूच म्हणले, "तसंच राहा, बाबा. आरती पहिल्या बॅचला आहे ना?" एवढंच. राहिलो. कपाळ टेकवा म्हणले, टेकवलं. माळवदाखाली बी इतका भ्यालो न्हवतो, माय — तिथं काय पडायलंय ते ठाऊक तरी होतं.

अजून भ्यायलोय, तुला बॅचमधून काढतील म्हणून. तू सरांना काही बोलू नको. परीक्षेपर्यंत गप राहा, खाली मान घालून — अगं, उठलीस कशाला? चहा तसाच — आरती, क्लास इकडं हाय. तिकडं तर बस स्टँड, गावाची वाट — आरती —