सारखी आच

पेणच्या स्टँडवर रोह्याची एसटी काही लागेना. रिटायर झालेल्या वत्सलाबाईंनी पेपर तोंडापुढे धरला होता, कान मात्र बाकावरच्या शेजारच्या मायलेकांकडे होते. म्हातारीच्या मांडीवर गाठोडं होतं.

“मितेश, तुझ्या कंपनीत करतात तरी काय?”

“चांदीचे कण, आये. डोळ्याला दिसत नाय इतके बारीक, पण सगळे एका मापाचे.”

“मिठागरात जल्म गेला माझा. दोन खडे सारखे पडले नाय कधी.”

“चांदी विरघळवलेलं पाणी बारीक नळीतनं वाहत ठेवायचं आन् नळी मायक्रोवेव्हमधनं न्यायची. सगळ्याला एकदम सारखी आच लागते.”

“आन् चुलीवर ठेवलं तर?”

“कडेचं आधी तापतं, मधलं मागं राहतं. मग कण लहानमोठे होतात.”

“तुम्ही तिघं भाऊ चुलीवरचेच रं.”

“व्हय.”

“थोरल्याला शिकवला, धाकट्याला लाडावला. आता दोघांच्या घरात मला जागा नाय, तुझ्याकडंच निघाले.”

“जाऊ दे गो आये.”

“आन् तू मधला. तुला काय दिलं रं मी?”

“मधलं मागं राहतं, आत्ताच सांगितलं ना. गाठोडं दे इकडं, गाडी लागली.”