देव्हाऱ्याखालच्या चार फरश्या

माझं म्हायेर पवनानगरच्या पल्याड, सासर हे तुंगार्लीचं, आन् दोन्हीकडं भुई शेनाचीच, मंग मला फरशीची काय माहिती असनार सांगा. आई दर सनाला सारवायची, आन् सारवताना चार बोटं अशी फिरवायची की भुईवर अर्ध्या चंद्रावानी रेघा उठायच्या, एकीला एक लागून, मी उंबऱ्यात बसून वाळायची वाट बघायचे, वल्या भुईवर पाय पडला की पाठीत धपाटा ठरलेला. काय सांगू तुमाला ताई, तो वास अजून नाकात हाय.

लग्नानंतर पोरगं जरा मोठं झालं तशी मी बंगल्यावर कामाला लागले. हितं बंगले लय, शनवार-रविवार पावनं येनार, खानार, सांडनार, आन् सोमवारी आमी निस्तरनार. त्यात लोनावळ्याचा पाऊस, चार म्हैने भिंतींनाबी घाम, फरशी वरनं चकाचक दिसती पन दोन फरश्यांच्या मधली ती शिमिटाची बारीक सांध, ती पार काळी ठिक्कर. पहिल्या साली मला कुनीतरी म्हनलं आसिड टाक, एका मिन्टात जातंय, मी टाकलं, तर असा फेस आला, शिमिटाचं ढपलं सुटलं, आन् खोकून खोकून माझा जीव चालला. मला वाटलं झालं, गेलं काम. पन मालकीनबाई भली, म्हनली अगं बाई, मळ काढायचाय का घर पाडायचंय. मंग तिनंच शिकवलं, खायचा सोडा पान्यात कालवून सांधीत भरायचा, आपन चहा पिऊन यायचं, मंग दात घासायचा जुना ब्रश घ्यायचा आन् सांधीच्या लांबीनं चालवायचा, आन् घान पानी लगीच सुक्या फडक्यानं टिपायचं, न्हाईतर तेच पानी परत सांधीत मुरतं. तवापासनं सांगते, माझ्या हातची फरशी बघायला शेजारच्या बंगल्यातल्या बाया यायच्या. उगं मोठेपना न्हाई सांगत, खरं हाय ते.

मंग आमचं सोताचं घर झालं, दोन खोल्या, आन् त्याच मालकीनबाईनं बंगल्याच्या उरल्याल्या पांढऱ्या फरश्या दिल्या. पांढऱ्या शुभ्र, सांधीबी पांढऱ्या, मी तर पहिलं आठ दिवस चपला हातात धरून घरात शिरायचे. माझी सासू, आमी समदी तिला आय म्हनायचो, ती मातूर त्या फरशीवर बसायचीच न्हाई, दारात पोतं टाकून बसायची, म्हनायची पाय गार पडत्यात. जिभंची तिखट, पन माझ्या दोन्ही बाळंतपनांत तिनंच माझं हातपाय चोळलं, त्यातलं एक लेकरू न्हाई वाचलं, तवाबी माझ्या उशाशी तीच बसून व्हती.

तर पाडव्याच्या आदल्या दिशी मी कामाला गेलते. येऊन बघते तर काय, फरशी गायब. आयनं ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत समदी फरशी शेनानं सारवली व्हती, रेघाबिघा काढून, आन् बसली व्हती उंबऱ्यात हात वाळवत. आमचे मालक, आयचाच ल्योक, लय वरडले, म्हनले म्हातारे, अक्कल गहान टाकली काय. तिला काय कळंना काय चुकलं. माझ्याकडं बघून म्हनली, सनाला भुई उपाशी ठेवायची व्हय गं?

मी बादली घेतली. धुऊन काढली फरशी, वरचं निघालं पन सांधींनी समदं पिऊन घेतलं व्हतं, हिरवट पिवळं. दोन म्हैने कामावरनं आलं की मी हातात ब्रश घेऊन बसायचे, एकेक सांध पांढरी करत देव्हाऱ्यापर्यंत आले. तवा आय देव्हाऱ्याम्होरं मांडी घालून बसली, पयल्यांदाच बसली ती फरशीवर, म्हनली एवढ्या चार फरश्यांचं ऱ्हाऊ दे माझं. ऱ्हाऊ दिलं. म्होरल्या साली आय गेली.

त्याला आता किती वरीस झाली. लोक म्हनायचे, जगाच्या सांधी पांढऱ्या करती आन् हिच्या देव्हाऱ्याखाली बघा, दिव्याखाली अंधार. म्हना म्हनलं. रोज दिवा लावताना त्या पिवळ्या सांधीवर बोट फिरवायचे, आय गं, हायेस का, असं म्हनायचे. घरात कुनाला सांगितलं न्हाई, सांगायचं काय त्यात.

औंदा पोराचं लगीन केलं. सून तळेगावची, शिकल्याली, हापिसात जाती, पन कामाला मागं न्हाई. मला म्हनली आत्या, तुमचं ते फरशीचं मला शिकवा. मीच शिकवलं हो, सोडा असा, ब्रश असा, पानी असं टिप. आन् एका रविवारी मी कामावरनं आले तर पोरगी दारात हासत उभी, म्हनली आत्या, डोळे मिटा. आत नेलं, डोळे उघडले, देव्हाऱ्याखालच्या चारी सांधी दुधावानी पांढऱ्या. माझ्यापरीस चांगलं काम केलं व्हतं तिनं. मी खाली बसून त्या सांधीवर बोट फिरवलं आन् असं रडू फुटलं ताई, का आय गेली तवाबी तेवढी रडले नव्हते. पोरगी घाबरली, काय चुकलं आत्या, काय चुकलं माझं. तिचं काय चुकलं? आयचंबी काय चुकलं व्हतं? दोघींनी जीव लावून केलं, मी घरात नसताना. मंग तिला मांडीशी घेऊन समदं सांगितलं.

तिनं माझे डोळे पुसले. पाडव्याच्या आदल्या दिशी बघते तर शेजारच्या गोठ्यातनं पिशवीत शेन घेऊन आली, हातात रबरी मोजे घालून. म्हनली आत्या, रेघा कशा काढायच्या? मी म्हनलं पयलं ते मोजे काढ. तिचा हात धरला, चार बोटं फिरवली, देव्हाऱ्याखालच्या चारच फरश्या, बाकीच्यांवर एक थेंब पडू दिला न्हाई, फडकं हाताशी व्हतंच.

दुसऱ्या दिशी तिनंच पुसून घेतलं. सांधी परत पिवळ्या झाल्या, पन आयच्या एवढ्या न्हाई, फिक्या. आता तितं बोट फिरवते तर आय आठवती आन् तोंडात नाव सुनंचं येतं, द्येव तिला सुखी ठेवो. परवा तिची आई आलती, तिनं विचारलं, हितं एवढंच पिवळं का? मी तोंड उघडायच्या आत सून म्हनली, ते आमचं ऱ्हाऊ द्या.