बहमनी नाण्यांचं व्याख्यान

इतिहासाच्या मास्तराने तोंड कधी मिटावं, हे मला चामोर्शीजवळच्या एका घरात कळलं बरं का. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांचं बोलणं बंद होतं. त्याच धुऱ्यात तांब्याच्या नाण्यांचं मडकं निघालं, आणि दोघे कित्येक वर्षांनी एका खाटेवर बसले. मला बोलावणं आलं.

"गुरुजी, हे कोन्या राजाचे व्हय?" धाकट्याने विचारलं.

फारसी अक्षरं बघून मी खुललोच. "बहमनी राज्याची! अहो, काय ते घराणं! गादीसाठी काकाने पुतण्याला मारलं. मग त्या काकाचाही खून झाला. त्याच्या पोराचे तर घरच्यांनीच डोळे फोडले!"

धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याची बायको माझ्याजवळ येऊन, नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाली, "गुरुजी, बस करा. यायचा डोळा भांडनात भाऊजीच्याच काठीनं गेला जी."

तेव्हा कुठे मी थोरल्याच्या निकामी डोळ्याकडे नीट पाहिलं. जमीन दुभंगावी असं झालं मला.

थोरला मात्र शांतपणे म्हणाला, "राजाचं राहू द्या, गुरुजी. पह्यले माह्या भावाले पानी द्या. रडून राह्यला तो."