ढब्बूचा नंबर येईपर्यंत

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं. थोरलीच्या पायाशी एक जाडा कुत्रा निपचित पडला होता.

“मला पोरीचा दाट संशय येतोय. दप्तर झाडलं, फोन चाळला, तोंडाचा वाससुद्धा घेतला.”

“काही सापडलं?”

“काही नाही. तिथंच तर पाणी मुरतंय!”

“ताई, तिचं खरंच बिनसलंय गं.”

“नाटकं नुसती! गेल्या वर्षी संघात घेतलं नाही, तेव्हा घर डोक्यावर घेतलं. रडली, दारं आपटली आणि आठवड्यात परत मैदानावर. ते दुःख मला समजतं. यंदा निवड झाली, तर नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.”

“कधीपासून चाललंय हे?”

“दोनेक महिने. पाहुण्यांसमोर मात्र छान हसते. सोंग नाही तर काय?”

“तिला विचारलंस?”

“विचारून खरं सांगणारेय होय ती?”

“आणि ह्या ढब्बूला काय झालंय?”

“अगं, खात नाही, खेळत नाही, हाक मारली तरी मान वर करत नाही. परवापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. मुका जीव, सांगणार तरी कसं बिचारं?”

धाकटीनं पिशवीतून फोन काढला.

आतून ढब्बूच्या नावानं हाक आली. थोरली त्याला उचलून लगबगीनं आत गेली. धाकटीनं फोन लावला.

“मावशी बोलतेय. ढब्बूचं राहू दे गं. तुला कसं वाटतंय?”

पलीकडून पोर बोलू लागली, तशी ती फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली. मास्तरांनी टोपलीतल्या मांजराला हळूच गप्प केलं.