पाच मिनिटं, दहा प्रश्न

बाई: थांब. घड्याळ बंद केलंय मी. किती वेळ झाला असेल?

नूहूम: दोन मिनिटं?

बाई: साडेतीन. आणि साडेतीन मिनिटांत तू मला काय काय विचारलंस? माझी झोप, माझा गुडघा, माझा मुलगा, सूनबाईची आई आणि माझ्या शेळ्या. शेळ्या, नूहूम! जाहिरात कशाची होती?

नूहूम: भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची.

बाई: मग सायकल कुठाय?

नूहूम: येतच होती, बाई. शेळ्यांच्या मागून.

आसितान: मागच्या परीक्षेतही अशीच येत होती. अजून पोचली नाही.

नूहूम: आसितान, तू चहाकडे बघ.

आसितान: चहा उकळतोय. पहिला पेला कडूच होणार, तुझ्या आत्ताच्या तोंडासारखा. बाई, तुम्ही सोडू नका हं नवऱ्याला माझ्या. परवा परीक्षा आहे.

बाई: मी कुणाला सोडत नाही. तीस वर्षं शाळेत काढलीत. नूहूम, मागच्या वेळी त्या खोलीत काय झालं ते मला पुन्हा सांग. काही गाळू नकोस.

नूहूम: गाळायचं काय त्यात? आत गेलो. टेबलापलीकडे एक गृहस्थ, केस पिकलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. मध्ये आवाज टिपणारं यंत्र. ते म्हणाले, ही जाहिरात. समजा तुम्ही मला फोन केलाय. पाच मिनिटांत माहिती विचारून घ्या, निदान दहा प्रश्न. झालं. मी सलाम केला. सकाळ कशी गेली विचारलं. घरचे कसे आहेत विचारलं. ते आपले 'बरे आहेत, बरे आहेत' म्हणत घड्याळाकडे बघतायत. मला वाटलं, माणसाच्या घरी काहीतरी झालंय. सांगायला जड जातंय. म्हणून मग आणखी खोदून विचारलं.

आसितान: अरे देवा.

नूहूम: हसू नकोस. शेवटी मुद्द्यावर आलो, दोन प्रश्न विचारले आणि वेळ संपली.

बाई: वाचनात उत्तम, ऐकण्यात उत्तम, लिहिण्यात उत्तम. बोलण्यात एक पायरी खाली. आणि त्या एका पायरीपायी मॉन्ट्रियलला जायचा सगळा अर्ज अडून बसला.

नूहूम: तेच तर डाचतंय, बाई. दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात मी फ्रेंच बोलतो. अभियंत्यांशी बोलतो, ठेकेदारांशी भांडतो. आणि कागद म्हणतो, ह्याला बोलता येत नाही.

आसितान: दुकानात तरी कुठे लवकर मुद्द्यावर येतोस? परवा ते फाटकवाले आले, त्यांच्या आजोबांपर्यंत पोचला होतास. फाटक काळं की हिरवं, ते मी विचारलं शेवटी.

बाई: आणि वर्षअखेरच्या आत हे झालं नाही तर?

नूहूम: छत्तीस लागतं मला. वय वाढलं की अर्जातले गुण कमी होतात.

आसितान: आई म्हणते हा पावसाळ्यात जन्मला. कारकुनाने लिहिलं एकतीस डिसेंबर. त्याच्या पेनातून हा दरवर्षी म्हातारा होतो.

बाई: म्हणजे ही शेवटचीच संधी धरून चालायचं. ऊठ, नीट बस. पुन्हा सायकली. फ्रेंचमध्येच. मी दुकानदार, तू गिऱ्हाईक. आणि गुडघ्याचं नाव काढायचं नाही. हं.

नूहूम: हॅलो. मी सायकलींच्या जाहिरातीबद्दल फोन करतोय.

बाई: बोला.

नूहूम: सायकलीचं... बाई, असं नाही होत माझ्याच्याने.

बाई: काय नाही होत?

नूहूम: 'भाडं किती' असं एकदम तोंडावर कसं फेकायचं? समोर माणूस आहे. काय भिंत आहे का?

बाई: परीक्षेत ती पाच मिनिटं भिंतच समज.

नूहूम: आणि माझ्या आईने ऐकलं तर म्हणेल, माणसात वाढला की गुरांत?

बाई: आईला मी बघून घेईन. तू प्रश्न विचार.

नूहूम: प्रश्न विचार, प्रश्न विचार! प्रश्न विचारायचा नाही हे मला कुणी शिकवलं, बाई?

आसितान: नूहूम...

बाई: बोलू दे त्याला. कुणी शिकवलं?

नूहूम: पाचवीत तुम्ही फळ्यावर फ्रान्समधल्या नद्या लिहिल्या होत्या. पाठ करा म्हणालात. मी हात वर केला. म्हटलं, बाई, आपली जोलिबा तर ह्या खिडकीतून दिसते, मग ती ह्या यादीत का नाही? तुम्ही मला उन्हात गुडघ्यांवर बसवलंत. मधली सुट्टी होईपर्यंत. त्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही.

बाई: आठवतंय मला.

नूहूम: तुम्हाला आठवतंय?

बाई: निळा सदरा होता तुझा. खिसा फाटलेला. साहेब तपासणीला आले होते त्या दिवशी, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मास्तर लोक काय करतात, ते केलं मी. प्रश्न बरोबर होता तुझा. चूक माझी होती, आणि हे तुला सांगायला मी पंचवीस वर्षं घेतली.

नूहूम: जाऊ द्या, बाई. मी उगीच...

बाई: जाऊ कशाला द्यायचं? आसितान, ओत चहा. कडू तर कडू. आपण आता दुसरा भाग घेऊ. मित्राला पटवायचं, दहा मिनिटं. ह्या चिठ्ठ्यांतली एक उचल.

नूहूम: 'सुट्टीत तंबू घेऊन रानात राहायला चल, असं मित्राला पटवा.'

बाई: मी तुझा मित्र. मला 'तू' म्हणायचं. सुरू कर.

नूहूम: तू... तुम्ही... बाई, जीभ वळत नाही.

बाई: वळव.

नूहूम: अगं... तू चल ना माझ्याबरोबर रानात. हवा छान असते.

बाई: घर असताना रानात कशाला झोपायचं? साप चावेल.

नूहूम: हो, तेही खरंच आहे, बाई.

बाई: संपलं? दहा मिनिटांची परीक्षा होती, नूहूम. वीस सेकंदांत हरलास! मी 'नको' म्हटलं की तू मान डोलावून मोकळा.

नूहूम: मोठं माणूस एकदा 'नाही' म्हणालं की पुढे काय बोलणार?

आसितान: माझ्याशी बरा पुढे बोलतो.

बाई: ऐक. बाजारात एखादा अनोळखी माणूस भेटला, नाव विचारलंस, तो म्हणाला, मी सांगारे. तू काय करतोस?

नूहूम: आता काय सांगू...

बाई: तू लोहाराचा पोर, बल्लो. तो गुराखी, सांगारे. काय करतोस?

नूहूम: म्हणतो, चवळीखाऊ, तुझ्या बापाला गाय विकून लोहाराकडे पाणी भरायला लागलं होतं, विसरलास काय?

बाई: आणि तो रागावतो?

नूहूम: रागावून कसं चालेल? वाडवडिलांनी बांधून दिलेलं थट्टेचं नातं आहे. तोही मला चवळीखाऊ म्हणतो आणि तंबाखू देतो.

बाई: माझं आडनाव काय रे?

नूहूम: तुमचं... सांगारे.

बाई: मग पस्तीस वर्षांच्या आयुष्यात मला एकदा तरी चवळीखाऊ म्हणालास?

नूहूम: तुम्ही बाई आहात!

बाई: मी आधी सांगारे आहे, मग बाई. आणि तू आगीपुढे बसून नाक काळं केलेला लोहार. मी तुझ्याबरोबर रानात येणार नाही. लोहाराच्या तंबूला भोकं असतात.

आसितान: ओहो! नूहूम, हे ऐकून घेणार तू?

नूहूम: भोकं? माझ्या हातच्या कामाला? अगं चवळीखाऊ...

बाई: फ्रेंचमध्ये! शिव्या आपल्या बांबारात नकोत, फ्रेंचमध्ये दे. घड्याळ लावलंय.

नूहूम: तर मग ऐक! तुला सापाची भीती वाटते? तुझा आजोबा, त्याचा आजोबा, सगळा जन्म रानात काढला गुरांमागे. तंबू तर सोड, डोक्यावर टोपलंसुद्धा नव्हतं. आणि तुला आता छप्पर पाहिजे? गायींनी ऐकलं तर दूध आटेल त्यांचं!

बाई: मला मऊ गादी लागते.

नूहूम: गादी मी आणतो. लोखंडी घडीचा पलंग मी स्वतः जोडलाय, हत्ती झोपला तरी वाकणार नाही. आणि सांगारे लोक चवळी कितीही खावोत, हत्तीएवढे होत नाहीत.

बाई: आणि खायचं काय तिथे?

नूहूम: ते विचारणारच तू! तुझ्यासाठी पोतंभर चवळी घेतलीय. मी मासे भाजीन. नदीच्या काठी बसू. तुला शहरात रात्री चांदण्या दिसतात? नाही दिसत. धूर दिसतो. शेवटचं कधी काही काम न करता नुसती बसली होतीस, सांग मला?

बाई: मला... वेळ नसतो.

नूहूम: वेळ नसतो म्हणतेस आणि दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघत असतेस! तेवढाच वेळ घे आणि नदीकडे बघ. चार दिवस. कंटाळलीस तर पाठीवर घालून परत आणीन.

आसितान: बाई, घड्याळ.

बाई: किती झाली?

आसितान: बारा मिनिटं. चहाचा दुसरा पेला गार झाला.

नूहूम: बारा? बाई, मी तुम्हाला... मी काय काय बोललो! माफ करा.

बाई: एक शब्द मागे घेतलास तर पुन्हा उन्हात बसवीन. परवा समोर कुणीही असो, मनातल्या मनात त्याला सांगारे म्हण. पहिल्या भागातसुद्धा. कळलं? थट्टेच्या नात्यात विचारपूस लागत नाही.

आसितान: आणि बाई, तुमचा हामिदू तिथेच असतो ना, मॉन्ट्रियलला? त्याला विचारून ठेवा ना, थंडीचे कपडे कसले घ्यायचे ते.

बाई: तो कामात असतो.

नूहूम: बरा आहे ना?

बाई: काही त्रास नाही. चहा घे.

(पाच आठवड्यांनंतर. तेच अंगण, दुपार कलताना.)

बाई: दारातून बोलू नकोस. आत ये. कागद आण इकडे. चष्मा कुठाय माझा?

आसितान: डोक्यावर आहे, बाई.

बाई: बोलणे... आठ. आठ! लागत होते किती?

नूहूम: सात.

बाई: समोर कोण होतं? मागचेच गृहस्थ?

नूहूम: नाही, एक बाई होत्या, तुमच्याहून लहान. मी बसलो आणि मनात म्हटलं, बोल, चवळीखाऊ. आणि प्रश्न सुटले ते थांबेचनात. दहा सांगितले होते, तेरा विचारले. त्या मित्राला पटवायच्या भागात त्या दोनदा हसल्या. यंत्रात असेल ते.

आसितान: आणि पुढचं सांग. बाहेर काय केलंस ते.

नूहूम: बाहेर नाही, आतच. त्यांनी यंत्र बंद केलं. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, मादाम, तुमची विचारपूस राहिलीय, ती करून घेतो. सकाळ कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, सगळं विचारलं. पुढचा उमेदवार बाहेर ताटकळला.

बाई: काय म्हणाल्या त्या?

नूहूम: आधी 'काही त्रास नाही' म्हणाल्या, मग बसल्या आणि म्हणाल्या, आई आजारी आहे माझी. बराच वेळ बोलल्या.

बाई: शाबास. फार आनंद झाला मला, नूहूम. अजून पल्ला आहे, तिकडच्या सरकारचं निमंत्रण यायचंय, डॉक्टर, पोलिसांचे दाखले. पण हे दार उघडलं. माझं काम संपलं आता.

नूहूम: एक प्रश्न राहिलाय, बाई. परीक्षेतल्यासारखा. विचारू?

बाई: विचार.

नूहूम: हामिदूचा शेवटचा फोन कधी आला?

बाई: तो बरा आहे. काही त्रास नाही.

नूहूम: तब्येत नाही विचारली मी. तारीख विचारली.

आसितान: नूहूम, राहू दे.

बाई: नाही, त्याला मीच शिकवलंय. ...बकरी ईदला. ह्या नव्हे. ह्याच्या मागच्याही नव्हे. त्याच्या आधीच्या.

नूहूम: पत्ता आहे?

बाई: जुना आहे. तिथे राहतो की नाही, कोण जाणे.

नूहूम: जुना द्या. त्या दारात नसला तर शेजारच्या दारात विचारीन. दहा प्रश्न काय, शंभर विचारीन. आता कुणाची भीती आहे मला?

बाई: आणि सापडला तर? त्याच्याकडे वेळ नसतो, नूहूम. पाच मिनिटंसुद्धा.

नूहूम: पाच मिनिटं नकोच आहेत मला. दार उघडलं की एकच विचारायचं. हामिदू, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

बाई: त्याला कुठून माहीत असणार?

नूहूम: नसेलच. मग तो मला विचारेल. काय सांगू त्याला?

बाई: ...दुखतो म्हणावं.